कॅरिअरवरचं वजन

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आमच्या घरात बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे होत नाहीत. गल्लीत कोणाच्या अंगात आलं की मी पोळ्या लाटायला आत निघून जाते. पांढुर्ण्यात माझा शिवणक्लास आहे, मशीनवर बसून बसून कंबर कामातून गेलेली आहे. तेव्हा हे लिहितेय ते कोणाला भीती घालायला नाही... मलाच अजून कळलेलं नाही, म्हणून लिहितेय.

माझी मुलगी प्रज्ञा अकरावीत आहे. तिची जीवाभावाची मैत्रीण पल्लवी, आमच्याच मोहल्ल्यातली. पल्लवीला सिकलसेल आहे. हा रक्ताचा आजार आमच्याकडे सगळ्यांना माहीत, पण तपासणी करा म्हटलं की लोक तोंड फिरवतात, आणि रक्त द्या म्हटलं तर विचारूच नका. पल्लवीला मधून मधून रक्त चढवावं लागतं आणि दर वेळी तिचे वडील लोकांच्या हातापाया पडत फिरतात. म्हणून प्रज्ञानं ठरवलं — पांढुर्णा ते छिंदवाडा आणि परत, सायकलवर. गावोगाव थांबायचं, बोलायचं, जे रक्त देतो म्हणतील त्यांचे नंबर मोबाईलमध्ये घ्यायचे. एकटीला कोण पाठवणार? नवरा म्हणाला, "तू जा ना सोबत. तेवढंच अंग हलेल." त्याला काय जातं बोलायला.

जाताना निभावलं. येताना घाट उतरून सौंसरला मुक्काम केला, तोवर माझे गुडघे बोलायला लागले होते. सकाळी बसस्टँडवर चहा पिताना पल्लवीच्या आईचा फोन आला. पल्लवीला रात्री नागपूरला भरती केलंय, शुद्ध नाही, डॉक्टर म्हणतात आजचा दिवस काढला तर बघू. समोरच नागपूरची बस लागलेली होती. मी म्हटलं, "चाल, सायकली इथंच ठेवू कोणाकडे."

प्रज्ञा रडत नव्हती. तेच मला जास्त लागलं. "आयसीयूच्या आत सोडून राहिले का आपल्याला? बाकड्यावर बसून काय करू मी तिथं? मी तिला शब्द दिला मम्मी. पूर्ण सायकलवरच करीन म्हटलं होतं."

बस निघून गेली. आम्ही पांढुर्ण्याच्या रस्त्याला लागलो.

मोहगावात लोक जमले होते. प्रज्ञा बोलली, मध्येच तिचा आवाज अडकला, तेव्हा काही जणांनी आपणहून नंबर दिले. तिथून निघालो आणि माझी सायकल जड झाली.

जड म्हणजे... एकदम. डबलसीट घेतल्यावर हँडल कसं डुलतं, तसं डुललं. उतरून पाहिलं. हवा भरपूर, ब्रेक मोकळे, चाक छान फिरत होतं. कॅरिअरवर काही नव्हतं — माझ्या गुडघ्यांकडे बघून दोन्ही बॅगा प्रज्ञानं तिच्या सायकलला बांधल्या होत्या. पुन्हा बसले, पुन्हा जड. थकवा, दुसरं काय, असं म्हणून रेटत राहिले. सायकलला, रस्त्याला, नवऱ्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. प्रज्ञा केव्हाच पुढे गेली होती, वळूनही बघत नव्हती.

रस्त्याला लागून एका बगीच्यात संत्र्याची तोडणी चालली होती. सावलीत एक म्हातारी फळं निवडत बसली होती. मी एक पाय टेकून दम खायला थांबले. तिनं उठून माझ्या हातात दोन संत्री ठेवली.

"एक तुले, एक पोट्टीले."

"पोट्टी पुढं गेली मावशी."

"पुढची नाही वं, तुह्या मांगची. झोपून राहिली ते. पडन ना... धरून बसाले सांग तिले."

मी मागे पाहिलं. रिकामं कॅरिअर. म्हातारीला नीट दिसत नसेल, उन्हात काही भास झाला असेल, असं म्हणत दोन्ही संत्री मीच खाल्ली. पण निघताना तोंडातून आपोआप गेलं, "धरून बस गं." मग स्वतःचाच राग आला.

पुढे चढ. मांड्या थरथरायला लागल्या, डोळ्यांपुढे अंधारी. तेवढ्यात संत्र्याचे क्रेट भरलेली एक पिकअप बाजूला थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "चला ताई, पांढुर्ण्यालेच चाललो. टाका सायकल मांगं." प्रज्ञा दिसतही नव्हती. तिला कळलंही नसतं, गावाच्या अलीकडे उतरले असते. मी सायकलवरून उतरले, उचलायला कॅरिअरला हात घातला... आणि म्हटलं, "नको दादा, आता थोडंच राहिलं." थोडं कुठलं, चांगलं बरंच राहिलं होतं. नको का म्हटलं, मला आजही सांगता येत नाही.

उरलेला रस्ता कसा काढला ते माझं मला माहीत. उन्हं कलल्यावर घरी पोचले. दारात पाय टेकला आणि सायकल हलकी झाली, इतकी की माझा तोल गेला. प्रज्ञा पायरीवर बसली होती, फोन कानाला. पल्लवीनं नुकतेच डोळे उघडले होते. तेव्हा कुठे प्रज्ञा रडली, आणि तिला धरून मीही.

आता, इथवर मी सगळं योगायोगात बसवलं होतं. सायकल जड म्हणजे माझा थकवा, म्हातारी म्हणजे तिची नजर. हे मी कोणाजवळ बोलले नाही. प्रज्ञाजवळ तर नाहीच. आई गाडीत चढायला निघाली होती, हे पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

काही दिवसांनी पल्लवी दवाखान्यातून घरी आली. प्रज्ञाला घेऊन भेटायला गेले तर उशीला टेकून बसलेली, पांढरीफटक. प्रज्ञा चहा आणायला आत गेली, तशी ती हळूच म्हणाली, "काकू, तुमचं कॅरिअर लय टोचते."

मी तिच्याजवळ सरकले.

"अन् शिव्या किती देता तुम्ही..." ती हसली. मग हसू गेलं. "तो पिकअपवाला थांबला ना, तेव्हा मले लय भेव वाटलं. वाटलं, आता मले इथंच उतरवून जाता तुम्ही."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसले. प्रज्ञा चहा घेऊन आली आणि विषय बदलला.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, तिला स्वप्न पडलं असेल. पडलं असेल, पण त्या स्वप्नात पिकअप कुठून आली? मी खूप डोकं खाजवलं, उत्तर नाही सापडलं. तुमच्यात कोणाला सुचलं तर सांगा, मी ऐकून घेईन. पल्लवीचं दुखणं काही संपलेलं नाही, पुढेही रक्त लागणारच आहे. परवा क्लास सुटल्यावर जुन्या गोधडीचा तुकडा घेतला, कॅरिअरच्या मापाची जाड गादी शिवली आणि सायकलला बांधून ठेवली.