मार्गारेटबाईंचं जॅकेट

आमच्या घरातल्या भुताला माझ्या जॅकेटचं माप ठाऊक होतं.

इंग्लंडातल्या रीडिंग गावातलं हे घर आम्ही भाड्याने घेतलं, तेव्हा शेजारच्या कीथने कुंपणावरून सहज सांगितलं, "आधीची भाडेकरू मार्गारेट तुमच्या किचनमध्येच वारली. चहा करता करता." त्या दिवसापासून माझी बायको वैशाली किटलीकडे पाठ करत नसे. (मीही करत नसे, पण मी त्याला 'लक्ष ठेवणं' म्हणायचो.)

नोव्हेंबरात इथे चारलाच अंधारतं. अशाच एका धुकट संध्याकाळी मागच्या दाराच्या हँडलला एक हिरवी पिशवी लटकत होती. आत बॅडमिंटनचे कोरे शूज, आमच्या सईच्या बरोब्बर मापाचे! बाहेर ओल्या गवतावर पावलाची एक खूण नाही.

"तू मागवलेस?" मी विचारलं.

"मला वाटलं तू!" वैशाली म्हणाली.

सई सतरा वर्षांची, बॅडमिंटन झकास खेळते. आपल्या टीममध्ये घ्यायला दोन कॉलेजं तिच्या मागे लागली होती. पण कॉलेजांच्या लीगचा नियम कडक: प्रवेशाआधी कॉलेजने खेळाडूला किंवा घरच्यांना साधा टॉवेलसुद्धा द्यायचा नाही.

"कोणाचा शूज आहे माहीत नाही. मी नाही घालणार," असं म्हणत सईने खोका कपाटावर टाकला. इंग्लंडात वाढलेली पोर. मराठी कच्चं, पण डोकं पक्कं. (डोकं आईवर गेलंय.)

पुढच्या आठवड्यात वैशाली फोनवर डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टला कंबरदुखी सांगत होती. दुसऱ्या दिवशी दाराला पुन्हा पिशवी. आत कमरेला बांधायचा गरम पट्टा!

वैशाली पांढरी पडली. "मिलिंद, ती ऐकतेय रे."

तिने घाबरून वाटीभर शिरा केला आणि मागच्या खिडकीत ठेवला. सकाळी वाटी लख्ख. चाटूनपुसून!

शहाण्या माणसाने इथे घर बदललं असतं. मी ऑर्डर दिली. भिंतीसमोर उभा राहून, खणखणीत इंग्रजीत (मार्गारेटबाईंना मराठी कुठून येणार?) म्हटलं, "मॅडम, थंडी फार आहे. एक जॅकेट मिळालं तर... डबल एक्सेल."

ठक. ठक.

भिंतीतून! मी दाराकडे धूम ठोकली, तरी जाता जाता म्हटलंच, "टोपीवालं."

जॅकेट आलं. हिरवंगार, उबदार, छातीवर चिमुकलं घुबड. मला वाटलं, काहीतरी भारी ब्रँड! त्याच आठवड्यात एका कॉलेजच्या कोचचा फोन आला. "आम्ही मुलींच्या कुटुंबांचीही काळजी घेतो. आता थंडी वाजत नाही ना?" मला माणूस फार प्रेमळ वाटला.

सईच्या पुढच्याच मॅचला मी ते जॅकेट घालून पहिल्या रांगेत बसलो. दुसऱ्या कॉलेजची कोच माझ्या घुबडाकडे बघतच राहिली. ते त्या पहिल्या कॉलेजचं बोधचिन्ह होतं!

तक्रार झाली. चौकशी बसली. सईचा अख्खा सीझन जायची वेळ आली. गाडीत ती नुसती नखं खात होती.

चौकशीच्या बाईंनी विचारलं, "जॅकेट कुणी दिलं?"

"मार्गारेटने."

"त्यांना बोलावता येईल?"

"त्या वारल्या."

"कधी?"

"जॅकेट देण्याच्या आधी."

वैशालीने डोळे मिटले.

तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. कीथ! लालबुंद चेहऱ्याने तो पहिल्या कॉलेजच्या कोचशेजारून उठला. तो त्या प्रेमळ कोचचा मेहुणा निघाला. दोन्ही घरांत एकच पातळ भिंत, त्यामुळे आमचं सगळं ऐकू जायचं. कचरा उचलायच्या लांब चिमट्याने तो कुंपणावरून पिशव्या अडकवायचा. "सईने आमचं कॉलेज घ्यावं, एवढंच होतं. आणि ते गोड पिवळं पुडिंग... अप्रतिम!"

"पण भिंतीवर ठोकायचं काय कारण होतं?" मी चिडून विचारलं.

कीथ गोंधळला. "मी कधीच ठोकलं नाही."

वैशालीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

सईने घरून आणलेला तो कपाटावरचा खोका टेबलावर ठेवला. शूजचे तळवे कोरे करकरीत. ती निर्दोष सुटली. कोच निलंबित झाला. मग बाई माझ्याकडे वळल्या. खेळाडूच्या घरचा असूनही स्वतःहून मागणी करून, मापासकट लाभ घेतल्याबद्दल मला सीझनभर हॉलमध्ये प्रवेशबंदी!

"बाबा, सीरियसली?" एवढंच सई म्हणाली, पण हसत म्हणाली.

उभ्या जन्मात मी हातात रॅकेट धरलेली नाही. तरीही आमच्या घराण्यात खेळातून बंदी आलेला पहिला माणूस मीच!