मैदा, साखर, सोडा

आमच्या घरावर दारूबंदी समितीची धाड पडली, तेव्हा धाडीच्या सर्वांत पुढे आमची आई होती.

ती समितीची अध्यक्ष आहे. (अजूनही आहे, पण त्या संध्याकाळी याची खात्री कुणालाच नव्हती.) गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणजे दारू दुकानात मिळत नाही, घराघरांत शोधावी लागते. चामोर्शीत आमच्या वॉर्डातल्या बायका ती शोधत फिरतात आणि आईचं नाक हे या समितीचं मुख्य हत्यार. बंद दाराआड कुणी मडक्यात मोहफुलं सडायला घातली असतील तर आई रस्त्यावरून घर ओळखते. नियमही कडक आहे. जो सापडेल त्याने वार्षिक मेळाव्यात माईकसमोर उभं राहून, सगळ्या गावादेखत, "मी सोडली" अशी शपथ घ्यायची.

बाबांचा छोटा छापखाना आहे. लहानपणी मी झोपायची ती पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. 'दारू सोडा', 'गुटखा सोडा', 'हुंडा सोडा', 'अंधश्रद्धा सोडा' वाचतच मी अक्षरं शिकले. थोरल्या बहिणीचं नाव क्रांती, माझं जागृती. क्रांती लग्न करून नागपूरला गेली आणि ओव्हन घेऊन बसली. मी घरात सर्वांत उशिरा उठते. मुलींच्या नावांचा विषय निघाला की बाबा हल्ली मशीनला तेल घालायला जातात.

मेळाव्याला घोषणा देत येणाऱ्या पोरांना समिती दरवर्षी क्रीमची बिस्किटं वाटायची. यंदा मला ते सहन झालं नाही. मी पत्रक काढलं: 'बापाच्या हातातलं विष काढता, मग पोराच्या हातात काय देता?' पहिली प्रत आईच्या हातात दिली.

आईने ती पूर्ण वाचली. "बरं लिवलं. मंग काय देऊ पोरायले?"

"काहीतरी पौष्टिक."

"कोन करन?"

या प्रश्नाचं उत्तर पत्रकात नव्हतं. "मी करते," मी म्हणाले. "फळांचे मफिन."

"मफिन म्हंजे?"

"छोटा केक. पण पौष्टिक."

आईने माझ्याकडे धाडीतल्या नजरेने पाहिलं. "केक अन् पौष्टिक? दोनातलं एक खोटं आहे, जागे. तुहं तू पाय बाई. पोरायले मी सांगून टाकतो. पन माझं नाव नको घालवू."

एवढं बोलून ती गडचिरोलीला जिल्ह्याच्या सभेला गेली. तिथून मावशीकडे राहून मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी परतणार होती. जाताना मात्र तिने गल्लीतल्या पोरांना सांगितलंच. पोरं येता-जाता दारात उभी राहून विचारू लागली, "जागृतीताई, मफिन कवा?"

मी क्रांतीताईला फोन लावला. ती सोसायटीतल्या मुलांसाठी फळांचे मफिन करते आणि 'हेल्दी' म्हणून फोटो टाकते. मला त्या शब्दाचा पहिल्यापासून संशय होता.

"ताई, ते खरंच हेल्दी असतात का?"

"घरी केलेले असतात ना. घरचं म्हणजे हेल्दीच."

"आमच्या जिल्ह्यात मोहाचीही घरीच काढतात. तिलाही हेल्दी म्हणायचं का?"

"अगं, मी फळं घालते त्यात."

"मोहही झाडालाच लागतो."

"तुला मफिन पाहिजे का भांडण पाहिजे?" ताई चिडली. "नीट ऐक. फळं कुस्करून बाजूला ठेव. मग मैदा, साखर, सोडा..."

आणि नेटवर्क गेलं.

मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. मैदा, साखर सोडा! किती थोडक्यात, किती नेमकं. ज्या बहिणीला मी इतकी वर्षं नागपूरच्या बाजाराची गुलाम समजत होते, तिने एका वाक्यात माझी तीन पत्रकं मारली होती. शेवटी क्रांती ती क्रांतीच. परत फोन करायचं मनातही आलं नाही. इतकं स्पष्ट सांगितल्यावर विचारायचं काय उरतं? मी धावत छापखान्यात गेले आणि मेळाव्यासाठी मजकूर दिला: 'मैदा, साखर सोडा! आमचे मफिन खा!'

"क्रांतीनं सांगतलं?" बाबांनी चष्मा वर केला. "मंग छापू."

पहिला घाणा मी तांदळाच्या पिठाचा केला. केळी, पेरू, पाणी. कढईत मीठ तापवलं, त्यावर वाट्या ठेवल्या, वर झाकण. बाहेर जे आलं ते वाटीतून निघेना. निघालं तेव्हा वाटीला पोचा पडला. बाबांनी एक उचलून टेबलावर आपटून पाहिला.

"हे खायचं आहे का?"

"पौष्टिक आहे, बाबा."

"नाई, मी इचारून राह्यलो, खायचं आहे का?"

तो मफिन त्यांनी छापखान्यात नेला. तिथे तो कागदांवर ठेवला आहे. पंखा कितीही जोरात सोडा, पान हलत नाही.

मी शरण जाणाऱ्यांतली नाही. आधी संशय केळ्यांवर घेतला, कारण आठवडी बाजारातल्या त्या केळीवाल्याने "पावडरनं पिकवलीत का?" या प्रश्नाला "घ्या ना ताई" असं उत्तर दिलं होतं. मग कढईवर घेतला. मग मिठावर. क्रांतीताईच्या शब्दांवर मात्र नाही, कारण ते घोषणेच्या चालीत बसत होते. शेवटी ठरलं की दोनच गोष्टी कमी पडल्या, गोडी आणि फुगणं.

गोडीची सोय घरातच होती. आईने लाडवांसाठी वाळवलेली मोहफुलं डब्यात ठेवली होती. आपल्या जंगलातली फुलं, मनुक्यासारखी गोड, कुठल्याही कारखान्याचा हात न लागलेली. आणि फुगण्याचं म्हणाल तर इडली कशी फुगते? पीठ आंबवून. मी मोहफुलं कोमट पाण्यात कुस्करली, त्यात पेरूचा गर नि तांदळाचं पीठ कालवलं, सगळं मडक्यात भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं मागच्या खोलीत धानाच्या पोत्यांमागे उबेला ठेवलं.

(वाचकहो, तुम्हाला कळलं. मला कळलं नव्हतं. दारूविरुद्ध मी शेकडो ओळी लिहिल्या आहेत, पण ती करतात कशी हे विचारणं मला कमीपणाचं वाटायचं.)

मडकं छान रमलं. फडकं वर उचललं जाऊ लागलं. कान लावला की आतून बुडबुड ऐकू यायची. मी बाबांना ऐकवली.

"पीठ श्वास घेतंय, बाबा."

"घेऊ दे," बाबा म्हणाले. त्यांच्या नाकात वर्षानुवर्षांची शाई आणि रॉकेल बसलंय, त्यांना तिसरा वास येत नाही. मला त्या आठवड्यात सर्दी होती. मेळाव्याच्या आदल्या दिवशी वाफवायचं, असं मी ठरवून ठेवलं.

त्या दिवशी सकाळीच समितीच्या खजिनदार शेवंताबाई पदर नाकाला लावून दारात आल्या.

"जागृती, आपल्या गल्लीत कोनं तरी लावली आहे व."

"काय लावली?"

"मोहाची. घमघम वास सुटला आहे. तुले येऊन नाई राह्यला?"

"सर्दी आहे मला. पण कोण असेल?"

"थेच तं. तुह्या आईच्या गल्लीत, तुही आई नसताना. हिंमत पाय."

माझं रक्त तापलं. आई गावाला जाताच तिच्या नाकाखाली (म्हणजे नाक नसताना) हा धंदा! कोपऱ्यावरचे पेन्शनर गुरुजी दिवसाही खिडक्या बंद ठेवतात, मला त्यांचा संशय आला. समोरचा नवा भाडेकरू संध्याकाळी गातो. साधा माणूस विनाकारण का गाईल? मफिन वाफवायचं मी दुपारवर टाकलं, मग संध्याकाळवर, आणि पत्रक लिहायला बसले: 'हा वास कोणाचा? घर कोणाचंही असो, नातं कोणाचंही असो, गय नको! उद्या मेळाव्यात माईकवर शपथ झालीच पाहिजे!' बाबांनी गुलाबी कागदावर छापलं. मी स्वतः घरोघर वाटलं.

आई बसमधून उतरली तेव्हा शेवंताबाईंनी तिच्या हातात पिशवी घ्यायच्या आधी पत्रक दिलं. आई घरी आलीच नाही. तिथूनच तिने बायका गोळा केल्या. दिवेलागणीला सगळ्या गल्लीच्या तोंडाशी जमल्या, मीही धावत जाऊन मागे उभी राहिले आणि घोषणा सुरू केली.

गुरुजींकडे डास होते, म्हणून खिडक्या बंद होत्या. भाडेकरू भजन म्हणत होता. तेव्हा आई गल्लीच्या मधोमध थांबली. डोळे मिटून तिने मान हळूहळू फिरवली, सगळ्या बायका श्वास रोखून उभ्या राहिल्या (त्या वासात ते सोपंच होतं), आणि आई चालू लागली.

"गय नको!" मी मागून ओरडले.

आई आमच्या दारात थांबली. मला वाटलं, पिशवी ठेवायला थांबली असेल. ती चप्पल न काढता आत गेली, माजघर ओलांडून मागच्या खोलीत, पोत्यांमागे. तिने फडकं सोडलं.

"हे काय आहे?"

"मफिन," मी म्हणाले.

शेवंताबाई वाकून बघत होत्या. "मफिन कोन?"

"खायचा पदार्थ आहे, शेवंताबाई. घरचा आहे. पौष्टिक आहे."

"घरची आहे, पौष्टिक आहे. पकडल्यावर सगळे हेच म्हनतात, पोरी."

"दारू नाही ती!"

"अजून नाई," आई शांतपणे म्हणाली. "चुलीवर चढवायचीच बाकी आहे."

"संध्याकाळी चढवणारच होते," मी म्हणाले. मागे बायकांत कुजबुज झाली, आणि ते वाक्य परत घेता आलं नाही.

बाबा छापखान्यातून धावत आले. दारात गर्दी, घरात मडकं, आणि प्रत्येकीच्या हातात त्यांनीच छापलेलं गुलाबी पत्रक. आईने आपल्या हातातलं उघडून माझ्यापुढे धरलं. "नातं कोनाचंबी असो. तूच लिवलं ना?" मग बायकांकडे वळली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "अध्यक्षाच्या घरी सापडलं. मी कोनत्या तोंडानं दुसऱ्याच्या घरात घुसू? उद्या मेळाव्यात मी पद सोडतो."

ज्या बाईच्या भरवशावर या सगळ्या बाया नवऱ्यांसमोर उभ्या राहिल्या, ती माझ्या मफिनपायी खाली मान घालून उभी होती. मी क्रांतीताईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"ताई, सगळ्या ऐकतायत. सांग यांना, तूच म्हणालीस ना, मैदा, साखर सोडा?"

"हो, म्हणाले ना."

"ऐकलंत?" मी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं.

"चाळून घे म्हटलं," ताई पुढे म्हणाली.

"काय चाळून?"

"मैदा, साखर, सोडा. तिन्ही एकत्र चाळून घ्यायचे. खायचा सोडा गं. काय झालं?"

खोलीत मडक्याची बुडबुड तेवढी ऐकू येत होती.

"स्वल्पविराम," बाबा म्हणाले. "मी छापताना इचारायले पायजे होतं."

आधी शेवंताबाईंना समजलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला, पण हसू नाकातून निघालं. "इनं मैदा सोडला व माय! साखर सोडली! अन् सोडाबी सोडला!" मग एकेकीला समजत गेलं. एक जण हसताना धानाच्या पोत्यावरच बसली. शेवंताबाईंनी डोळे पुसत आईकडे पाहिलं. "इंदूबाई, पदबिद काई सोडू नका. हे दारूचं प्रकरन नाई, व्याकरनाचं आहे."

आईने मडकं उचलून परसात नेलं आणि खड्ड्यात ओतलं. परत आली तेव्हा सगळ्यांबरोबर तीही हसत होती, पण माझ्याकडे बघून नाही. "पन नियम सगळ्यायले एकच," ती म्हणाली. "उद्या शपथ होईन."

दुसऱ्या दिवशी क्रांतीताई सकाळच्या बसने मफिनचे डबे घेऊन आली. पोरांनी ते घोषणांच्या आधीच संपवले. मी संशयाने एक खाल्ला. मैदा होता, साखर होती, सोडाही होता. केळं काही लागेना, म्हणून दुसऱ्यात शोधलं. तिसऱ्यात थोडं सापडलं.

"पौष्टिक आहे का?" आईने विचारलं.

"अजिबात नाही. घरी केलेला केक आहे नुसता."

"मंग तिसरा काऊन खाऊन राह्यली?"

"तपासतेय."

तेवढ्यात शेवंताबाईंनी माईकवर माझं नाव पुकारलं. आजवर चहाशिवाय काही न प्यालेली मी, सगळ्या गावासमोर, मीच लिहिलेली शपथ हातात घेऊन उभी राहिले. 'मी आजपासून' आणि 'सोडते' यांच्या मधे जागा मोकळी होती, ज्याने त्याने आपापला ब्रँड भरावा म्हणून. मी आईकडे बघितलं. "काय सोडू?"

आई पहिल्या रांगेतूनच बोलली, तिला माईक लागत नाही. "मैदा राहू दे. साखर राहू दे. तू चूल सोड."

मी चूल सोडली. टाळ्या पडल्या, आणि सर्वांत जोरात बाबांच्या.

तेव्हापासून गल्लीतली पोरं मला सोडाताई म्हणतात. एक चिमूट घातला असता, तर आज जागृती राहिले असते.