हणमंतप्पाची पाठ आन येळवसची अंबील

हणमंतप्पाला मी पहिल्यांदा बघितलं तवा मला वाटलं, गडी सकाळी सकाळीच ढोसून आलाय. आता आठवलं की हसू आवरत न्हाई, पर तवा खरंच तसं वाटलं. चिंताकी गाव सोडून आम्ही धाकट्या ल्योकाकडं दुबलगुंडीला नुकतंच राहायला आलतो. मी अंगणात सडा टाकायलते. फाटकात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. उभा म्हंजे कसा, वरचं अंग एकीकडं, कंबर दुसरीकडं, वाऱ्यानं कललेल्या तुरीवानी. डोळे लालभडक. आन तोंड उघडून म्हणतोय काय, "अक्का, जरा लाथ मारता का?"

खराटा जवळच हुता, त्योच उचलला. म्हणलं, "लाथ कामून, हे घे की."

त्यो पळंना. पळता आलं असतं तर आला असता का माझ्या दारात? तसाच फाटक धरून उभा. तेवढ्यात मागनं त्याची बायको शिवम्मा धापा टाकत आली. "तसं न्हाई वो अक्का. उसण भरलीय ह्यांच्या पाठीत. रातभर डोळा लागला न्हाई. तुम्ही पायाळू हाव म्हणून कळलं, म्हणून आलेत."

तर व्हय, मी पायाळू हाय. आईच्या पोटातनं डोकं आधी न येता पाय आधी आलेली. आमच्याकडं म्हणतेत, पायाळू माणसानं उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण उतरती. चिंताकीत लहानपणापासनं माझा धंदाच त्यो. चांगले चांगले तालेवार लोक माझ्यापुढं पालथे पडलेत. आन हा हणमंतप्पा तर गळ्यात लिंग घालणारा, दारूच्या दुकानापुढनं जायचं तर रस्ता बदलणारा माणूस. त्याला मी खराटा दाखवला.

मग ओट्यावर पालथा पाडला आन पाय लावला. म्हणलं, "मनात शिवी येत असंल तर आताच दे, पाय जरा जोरात पडतो माझा." खाली तोंड करून म्हणला, "खराट्यापरीस हलका हाय, अक्का." तवाच कळलं, ह्या माणसाचं आन माझं जमणार.

हणमंतप्पा गवंडी. गावातल्या निम्म्या भिंती त्यानंच उभ्या केल्यात, आन सगळ्या ओळंब्यात. एक त्यो स्वतः सोडून. सिमेंटची पोती पाठीवर, विटा डोक्यावर, स्लॅब पडायचा असला की सकाळपासनं दिवा लागंपर्यंत परांचीवर. बसायचा न्हाई. बसला की उठवत न्हाई, म्हणून बसायचंच न्हाई, असा त्याचा हिशोब. पाणी बी प्यायचा न्हाई, कारण पाणी प्यालं की खाली उतरावं लागतं. पोटाला काय, तर चहा आन टोस. शिवम्मानं बांधून दिलेली भाकरी संध्याकाळी तशीच परत यायची, कडक होऊन. ती म्हणायची, "ह्यांची भाकरी रोज कामाला जाऊन येती अक्का, खाल्ली जात न्हाई."

संध्याकाळी घरी आला की उंबऱ्यापाशी उभाच राहायचा. त्याचं घर आमच्या समोरच, मी आपलं ओट्यावरनं बघायची. काय करायलाय हा? मग ध्यानात आलं, चप्पल काढायला वाकावं लागतं, आन वाकायची ताकद गोळा करायलाय. भिंतीला हात टेकवून, डोळे मिटून. ते बघून माझ्यासारखीला बी टोमणा सुचायचा न्हाई. मी घरात जायची.

माझ्या पायानं दोन-चार दिवस बरं वाटायचं, मग परत तेच. तशात येळवस आली.

येळवस म्हंजे आमच्याकडची येळ अमावस्या. दिवाळी एक वेळ साधी झाली तर चालती, येळवस न्हाई. ज्वारी पोटरीत असती, हरभरा घाट्यात असतो, सगळं गाव रानात. कडब्याची खोपटावानी कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, सगळ्या भाज्या मिसळून केलेली भज्जी, पिठाचे उकडलेले उंडे, आन ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली अंबील. त्या अंबिलीची बिंदगी, म्हंजे मातीची घागर, चुन्या-कावेनं रंगवून घरच्या थोरल्यानं डोक्यावर घेऊन रानात न्यायची. आन वाटेत भुईला टेकवायची न्हाई. टेकवली की नेम मोडला. हणमंतप्पाचा बाप गुरप्पा, दमा असून बी, मरायच्या वर्षापर्यंत ती घेऊन जायचा. बापाच्या मागं हा.

त्या साली हणमंतप्पानं बिंदगीला हात लावला आन तसाच वाकून राहिला. वर बी येईना, खाली बी जाईना. शेवटी धाकट्या भावानं, महेशकुमारनं, बिंदगी मोटारसायकलवर पुढं धरली आन भुर्रकन नेली. महेशकुमार वाईट न्हाई. त्याचं हुमनाबादला मोबाईलचं दुकान हाय, त्याला सगळं लवकर व्हावं वाटतं. पर रानात जेवताना बोलून गेला, "अण्णा, आता दरसाल मीच आणतो की. तुझ्यानं व्हायचं न्हाई."

हणमंतप्पानं कोपीत बसून उंडा हातात तसाच धरला. येताना माझ्याजवळ आला आन म्हणला, "अक्का, पुढच्या येळवसला अंबील माझ्या डोक्यावर जाणार. पाय लावा, न्हाईतर दोन्ही पायांनी उभ्या राहा पाठीवर."

मला ते हसण्यावारी न्यायचं हुतं. पर तेवढ्यात त्यानं सांगितलं, डाव्या पायाला मुंग्या येतात, अंगठा बधीर झालाय. मग माझं बी हसू गेलं. म्हणलं, "बाबा, उसणीला माझा पाय चालतो. पायाला मुंग्या आल्यावर माझ्या पायाचं काम न्हाई. कलबुर्गीला चल."

येष्टीत जागा मिळाली न्हाई. कलबुर्गी येईपर्यंत दांडा धरून उभा. प्रत्येक खड्ड्याला त्याचं तोंड बघवंना. एका पोरीनं उठून जागा दिली तर म्हणतोय, "नको अम्मा, बसलं की उठवत न्हाई." मी पोरीला म्हणलं, "मला दे, मला उठवतंय."

तितं विजयश्री नावाची डॉक्टरीण हाय. मणके हातानं दाबून सरळ करती, कायरोप्रॅक्टर म्हणतेत त्यांना. मला वाटलं, माझ्याच कामातली बहीण. पर तिनं लगेच हात लावला न्हाई. आधी फोटो काढायला लावला, पाय वर करायला सांगितला, अंगठा टोचून बघितला. मग माझ्याकडं वळून कन्नडात विचारलं, "पाय लावणाऱ्या तुम्हीच का?" मी लई अभिमानानं म्हणलं, व्हय. ती म्हणली, "आता लावू नका. तुमच्या पायानं काय तुटलं न्हाई हे नशीब."

चिंताकीपासनं कमावलेली इज्जत एका वाक्यात गेली. हणमंतप्पा पालथा पडलेला, पर खांदे हलायलते. हसायलता मेला.

मग तिनं दाबलं. कट् असा आवाज आला, मी भिंतीला चिकटले. ती म्हणली, "अप्पा, हा आवाज म्हंजे जादू न्हाई. माझं काम थोडं, तुमचं जास्त. वेळच्या वेळी भाकरी खा, पाणी प्या, रोज चाला. पाठीभवतीचं मास बळकट झालं तरच पाठ टिकंल. खेळत हुता का कधी?"

खेळत हुता म्हंजे? जवानीत गावाच्या व्हॉलीबॉलचा शूटर हुता. सांगताना त्याचं तोंड जरा उजळलं.

"मग खेळा. उड्या नकोत, मागं उभं राहून बॉल द्या-घ्या. आन पोती उचलणं आता बंद."

तवा त्यानं बिंदगीचं विचारलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणली, येळवस जवळ आल्यावर बघू, पाठ काय म्हणती त्यावर. "पर एक शिका. दुखायला लागलं की बसायचं. तुम्हाला काम येतं, थांबणं येत न्हाई."

लोकांना वाटतं, डॉक्टर सापडला की गोष्ट संपली. बरं होण्याचा कंटाळा किती असतो ते कुणी सांगत न्हाई. दर आठवड्याला ती येष्टी, तोच दांडा, तेच खड्डे. सकाळी जमिनीवर पडून गुडघे छातीकडं घ्यायचे, पाठ सतरंजीला लावायची, आन उठून कामाला जायचं. पोती आता दुसरे उचलतेत, हा भिंतच बांधतो, म्हणून मजुरी बी जरा कमी. दोन महिने झाले तरी काय फरक वाटंना. एकदा ओट्यावर येऊन म्हणला, "अक्का, सोडून देऊ का? दमलो. दुखून दमलो न्हाई तेवढा बरं होऊन दमलो."

मी म्हणलं, "सोड. बिंदगी मोटारसायकलवर शोभूनच दिसती."

उठून गेला. दुसऱ्या दिवशी येष्टीला माझ्या आधी उभा.

शिवम्मानं चहा-टोस बंद केलं. मोड आलेले मूग, हुलग्याचं माडगं, करडईची भाजी, जवसाची चटणी, ताक. डबा घेऊन सरळ कामावर जायची आन त्यो खाली उतरून खाईपर्यंत परांचीखाली उभी राहायची. बाकीचे मजूर हसायचे. ती म्हणायची, "हसा. तुमच्या बायका आल्या की मी बी हसते." तिचे पाय बी दुखायचे, पर तिला कुणी विचारलं न्हाई. मीच एकदा विचारलं, तर म्हणली, "एका घरात एकच पाठ परवडती अक्का."

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर. पहिल्या दिवशी पोरांनी त्याला शिट्टी दिली, पंच म्हणून उभा केला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात. बॉल आला की हात पुढं जायचे आन पाय तितंच. मी कट्ट्यावर बसून म्हणायची, "हणमंतप्पा, खांब हाल की जरा." त्यो दम खात म्हणायचा, "खांब हालला तर जाळी पडंल, अक्का." पावसाळा सरता सरता त्याच्या हातनं बॉल जाळीपार जायला लागला. दिवाळीनंतर एक दिवस उंबऱ्यापाशी आला, भिंतीला हात न लावता वाकला आन चप्पल काढली. मी समोर हुते. त्यानं बघितलं, मी बघितलं.

येळवस आली. विजयश्रीनं सांगितलं, अर्धी बिंदगी न्या, हळू चाला, आन दुखलं की बसा. महेशकुमार हुमनाबादहून मोटारसायकल घेऊन तयार. "अण्णा, पाठीशी खेळू नको. दे हिकडं."

हणमंतप्पा म्हणला, "तू ये मागनं. मी न्हाई पोचलो तर तूच ने, दरसाल ने. मी परत तोंड उघडणार न्हाई."

आता एवढं बोलल्यावर मी कशी गप बसू? म्हणलं, "आन पोचलास तर? वाटेत न टेकवता नेलीस तर मी सगळं जेवण होईपर्यंत अवाक्षर काढणार न्हाई." शिवम्मानं चटकन वर बघितलं. महेशकुमार म्हणला, "अण्णा, आता तर पोचावंच लागंल."

निघालो. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बिंदगी, गळ्याभोवती घोंगडं. पुढं त्यो, मागं शिवम्मा भज्जीची टोपली घेऊन, मग मी, आन सगळ्यात मागं महेशकुमारची मोटारसायकल, पहिल्या गेरात गुरगुरत. वढा ओलांडला. चढ लागला तसा त्याचा डावा पाय घासायला लागला. मी बघायलते. मान ताठ, पर कानामागनं घाम. आधीचा हणमंतप्पा असता तर तसाच ओढत गेला असता आन रानात जाऊन पडला असता.

बसलिंगप्पाच्या बांधाजवळ त्यो थांबला. मागं महेशकुमारनं मोटारसायकल बंद केली. हणमंतप्पानं दोन्ही हात बिंदगीला लावले, पाठ सरळ ठेवून गुडघ्यात वाकला, हळू हळू खाली गेला आन बांधावर बसला. डोळे मिटले. शिवम्मानं टोपली ठेवली आन त्याच्या शेजारी उभी राहिली. वाऱ्यानं ज्वारी सळसळायलती. मग तसाच, पाठ न मोडता, उठला आन चालायला लागला.

रानात कोपीपुढं पोचलो. त्यानं बिंदगी पांडवांपुढं उतरवली. शिवम्माचे डोळे भरून आलते. आन मी काय म्हणले असंन? मी म्हणलं, "हरलास गा. बांधावर टेकलास. सगळ्यांनी बघितलं. नेम मोडला, आता मी जेवताना पाहिजे तेवढं बोलणार."

महेशकुमार बी म्हणला, "अण्णा, टेकलास तर खरं."

हणमंतप्पा कोपीच्या आत गेला, सावलीत बसला, पाय लांब केले. एक पेला अंबील प्याला. मिशी पुसली.

"टेकलो मी," म्हणला. "बिंदगी डोक्यावरच हुती. बापानं सांगितलंय अंबील भुईला टेकवू नको म्हणून. मला टेकवू नको म्हणून कुठं सांगितलंय?"

महेशकुमारनं मोटारसायकलची किल्ली खिशात घातली आन भावाजवळ येऊन बसला. मी तोंड उघडलं.

"अक्का," हणमंतप्पा म्हणला, "भज्जी वाढायलेत. गप."