कापसाच्या भिंती

सोफे शिवणाऱ्या मास्तरांच्या बायकोची अर्धी हयात यंत्रमागांच्या खडखडाटात गेली. काम सुटलं, पण कानातली शिट्टी कायमची मुक्कामाला राहिली. डॉक्टरांनी हात टेकले.

मग मास्तरांनी तळघराचा ध्यास घेतला. तिथलं भंगार काढलं, ओल धरलेल्या भिंतींना नवा गिलावा केला आणि वरून कापूस भरलेलं जाड अस्तर ठोकलं. मंद दिवा लावला, मऊ सोफा शिवला. "राणीला महाल बांधताय की काय?" म्हणत शेजारी हसले. मास्तरही हसले.

खोली तयार झाल्यावर त्यांनी बायकोला हाताला धरून खाली आणलं, सोफ्यावर बसवलं आणि दार लावून घेतलं. रस्त्याचा आवाज एकदम तुटला. ती डोळे मिटून बसली. थोड्या वेळानं तिच्या गालावरून पाणी ओघळलं.

"काय गं, बरं वाटतंय ना?"

"खोली फार छान झालीय हो," ती म्हणाली. "पण वर गाड्यांच्या गोंगाटात ती शिट्टी जरा बुडायची. इथं तिच्याशिवाय दुसरं काहीच नाही. मला वर न्या."

मास्तरांनी तिला वर नेऊन रस्त्याकडच्या खिडकीत बसवलं. खालचा दिवा मालवायला जायचं होतं, पण ते तिथंच तिच्याशेजारी बसले.