मशीनला दारं धरता येत न्हाय

बावड्याच्या आबांनी हिरवं बटण दाबलं आणि मशीन केकाटलं. आबांना वाटलं बटण नीट दाबलं गेलं नाही, म्हणून त्यांनी अंगठा तसाच रोवून धरला. मशीन केकाटतच राहिलं. पडद्यावरचं निळं पाणी पाटाच्या कडेवरून बाहेर आलं, सगळीकडे पसरलं आणि वर पाटी झळकली, 'पाणी वाया गेलं!'

मांडवातली माणसं हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी बटणावरचा हात काढून धोतराला पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

"उभा जन्म दारं धरण्यात गेला माझा," ते म्हणाले. "आणि हे डबडं मला सांगतंय पाणी वाया गेलं? बाई, तुमच्या मशीनला दारं धरता येत न्हाय."

एवढं बोलून ते निघून गेले. त्यांच्यामागून आणखी काहीजण गेले. त्या डबड्यातला प्रोग्रॅम मी लिहिलेला होता, त्यामुळे मला तिथून हलता येत नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीत कॉम्प्युटर क्लासेस निघू लागले होते आणि त्यातल्या एका क्लासमध्ये मी शिकवत होते. मालक मुलाणी सर. त्यांचा मूळचा धंदा टायपिंग इन्स्टिट्यूटचा. पुढच्या खोलीत टाइपरायटरची खडखड चालायची आणि मागच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचे कॉम्प्युटर होते. मला शिकवण्यापेक्षा प्रोग्रॅम लिहायला आवडायचं. पण प्रोग्रॅम लिहून घेणारं गिऱ्हाईक बारामतीत सापडायचं नाही. माझ्याबरोबर शिकलेले बहुतेक सगळे पुण्याला गेले. मला जायचं नव्हतं. घर वडगाव निंबाळकरला, एसटीने रोज जाता येतं, आणि पुण्याची मला हौस नव्हती.

अशात इंदापूरचे वाघमोडे क्लासवर आले. त्यांचं पाइप आणि ठिबक सिंचनाचं दुकान होतं. बारामतीत शेतीचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यांनी स्टॉल घेतला होता.

"पत्रकं सगळेच वाटत्यात," ते म्हणाले. "माणूस घेतो आणि त्यात भजी खातो. मला असं कायतरी पाहिजे की तो थांबला पाहिजे. गेम करा. पाण्याचा. जिंकला त्याला टोपी. टोपी घालताना मी ठिबकचं सांगतो."

ते गेल्यावर मुलाणी सर मला म्हणाले, "कोकरे मॅडम, हे काम जमलं तर आपण सॉफ्टवेअरचा वेगळा विभाग काढू. खोली देतो, तुम्ही तिथं बसा. नाही जमलं, तर तुम्ही मराठी टायपिंगच्या बॅचेस घ्या. मशीनं नुसती मांडून ठेवणं मलाही परवडत नाही."

टायपिंग काही वाईट काम नाही. पण दुसऱ्याने लिहिलेलं बडवत बसायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. आता माझी खोली त्या गेमवर अवलंबून होती.

गेम साधा होता. शेतात वाफे असतात, म्हणजे बांध घालून पाडलेले मातीचे चौकोन. बाजूने पाट वाहतो. प्रत्येक वाफ्याला बांधात एक वाट ठेवलेली असते, तिला दारं म्हणतात. दारं उघडलं की पाणी वाफ्यात शिरतं, वाफा भरला की ते बुजवायचं आणि पुढचं उघडायचं. याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. तेच मी पडद्यावर आणलं. काही वाफे मोठे, काही लहान, काही लांब. पाणी कुठं आधी न्यायचं हे डोक्याने ठरवायचं आणि कोपऱ्यातलं घड्याळ संपायच्या आत सगळे वाफे भरायचे. एवढंच कोडं.

क्लासमध्ये सगळ्यांनी खेळून बघितलं. एकदोनदा हरून सगळे जिंकले. टायपिंगच्या मुली तर बोलत बोलत जिंकायच्या. कीबोर्डवर त्यांची बोटं पळत होती, त्यामुळे आम्ही गेमवर खूश होतो.

वाघमोड्यांनी कीबोर्ड बघून मान हलवली. "एवढी बटणं बघून आमचं गिऱ्हाईक पळंल." मग मुलाणी सरांनी एका फळीवर दारावरच्या बेलची चार बटणं बसवून घेतली आणि त्यांच्या तारा एका जुन्या कीबोर्डच्या पोटात जोडल्या. दोन बटणं वाफा निवडायला. लाल बटण दारं बंद करायला, हिरवं उघडायला. नियमही सरांनीच ठरवला, आधी लाल, मग हिरवं.

"लायटीचा चेंजओव्हर असतो ना, तसंच," ते म्हणाले. "चालू आहे ते आधी बंद करायचं, मग दुसरं चालू. नाहीतर गोंधळ होतो."

सर बारामतीच्या पेठेतले. विजेचं त्यांना चांगलं कळायचं. प्रोग्रॅमच्या दृष्टीनेही तो नियम सोयीचा होता, म्हणून मी तसं लिहिलं. लाल न दाबता कुणी हिरवं दाबलं तर मशीन ओरडेल, अशी व्यवस्था केली.

तर आबा गेल्यावर मी स्टॉलच्या मागे उभी राहिले आणि पडदा सोडून लोकांचे हात बघायला लागले. खेळणारा चुकतो कुठं हे पडद्यावर उशिरा दिसतं. हातावर आधी दिसतं.

पहिली गोष्ट लगेच कळली. लोक बटण दाबून सोडत नव्हते, धरून ठेवत होते. बायासुद्धा. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर आठवला आणि माझा उलगडा झाला. स्टार्टरचं हिरवं बटण टिचकीसारखं दाबून चालत नाही. मोटर पकडेपर्यंत अंगठा रोवून धरावा लागतो. इथल्या माणसाला हिरवं बटण दिसलं की हात आपोआप तसाच जातो. पण कीबोर्डला दाबून धरलेलं बटण म्हणजे तेच पुन्हा पुन्हा दाबल्यासारखं वाटतं. त्यामुळे वाफा निवडायला गेलं की खूण दोनतीन वाफे ओलांडून पळायची, आणि हिरव्याला मशीन सतत ओरडायचं.

यावर उपाय सोपा होता. बटण सोडून परत दाबल्याशिवाय दुसऱ्यांदा मोजायचं नाही, असं मी प्रोग्रॅममध्ये घातलं. तिथंच, स्टुलावर बसून, जनरेटरच्या आवाजात.

खूण पळायची थांबली. केकाटणं कमी झालं. माणसं तरीही हरत राहिली.

"आता मशीनमध्ये दोष नाही," मुलाणी सर म्हणाले. "लोक सूचना वाचत नाहीत." त्यांनी मोठ्या अक्षरात कागद चिकटवला, 'प्रथम लाल बटण, नंतर हिरवे.' तरी माणसं आधी हिरवंच दाबायची. मग सर स्वतः फळीशेजारी उभे राहून "आधी लाल, आधी लाल!" असं ओरडायला लागले. त्यांचं ऐकून ज्यांनी आधी लाल दाबलं, तेही हरले. कारण लाल दाबल्यावर पाण्याला जायला जागाच उरायची नाही. पुढचा वाफा निवडेपर्यंत पाट तुंबायचा आणि सांडायचा. क्लासमधल्या मुलींची बोटं एवढी चपळ होती की हे आम्हाला दिसलंच नव्हतं.

प्रदर्शन बंद व्हायच्या वेळी वाघमोडे माझ्यासमोर येऊन बसले. माणूस तसा शांत, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, लोकं थांबावीत म्हणून मी मशीन आणलं. हे तर लोकांचा अपमान करायला लागलं. आमच्याच पाव्हण्याला पाणी वाया घालवलंस म्हणतंय. उद्या दुपारपर्यंत बघतो. न्हायतर मशीन उचला, त्या टेबलावर मी पायपाचं बंडल ठेवतो."

मुलाणी सर फळीची तार गुंडाळत होते. मी एसटीने घरी आले. खूप वाईट वाटत होतं आणि थोडा रागही येत होता, पण तो कुणावर काढावा हे ठरत नव्हतं.

सकाळी उठले तर आई लसणाला पाणी देत होती. मी चहाचा कप घेऊन बांधावर गेले.

"उभी काय ऱ्हायलीस?" आई म्हणाली. "घे खोरं. मी धारा काढून येते. म्हस वरडतीय."

मी कप बांधावर ठेवला आणि खोरं घेतलं. हे काम मी शाळेत असल्यापासून करत आले होते. वाफा भरत आला. मी पुढच्या वाफ्याच्या दाऱ्यात खोरं घातलं, माती उचलली आणि तीच माती मागच्या दाऱ्यात टाकली. वर पायाने दाबली. पाणी वळलं.

मी तशीच थांबले.

पुढच्या वाफ्याचं दारं मोडल्यावर जी माती निघते, तिनेच मागचं बुजवायचं असतं. म्हणजे उघडणं आधी आणि बंद करणं नंतर, आणि दोन्ही मिळून एकच काम. पाण्याला थांबायची वेळच येत नाही. मागचं आधी बुजवायचं म्हटलं तर माती आणायची कुठून? माणसं आधी हिरवं का दाबतात, हे आता सांगायला कुणी लागत नव्हतं. आम्ही लायटीचा नियम पाण्याला लावला होता. मांडवातली माणसं बरोबर दारं धरत होती आणि आमचं मशीन त्यांच्यावर ओरडत होतं.

आई परत आली तेव्हा मी साडी खोचून चिखलात उभी होते आणि एकटीच हसत होते.

"काय गं?"

"काय न्हाय. पहिली एसटी गाठते."

स्टॉलवर पोचल्या पोचल्या मी लाल बटणाची तार काढून टाकली. हिरवं दाबलं की निवडलेल्या वाफ्याचं दारं उघडेल आणि मागचं त्याच क्षणी बुजेल, असा बदल केला. काम फार नव्हतं. प्रोग्रॅम उलट आखूडच झाला. लाल बटण फळीवर तसंच राहिलं, कुणी दाबलं तरी काही होत नव्हतं. शेवटची पाटीही बदलली. 'पाणी वाया गेलं!' काढून 'जरा उशीर झाला' असं घातलं. मुलाणी सरांनी भिंतीवरचा सूचनांचा कागद स्वतःच्या हाताने काढला.

"चेंजओव्हर नाही चालला म्हणायचा," ते म्हणाले.

"पाण्याला नाही चालत, सर."

पहिला माणूस दुसऱ्या खेपेला जिंकला. मग एक बाई पहिल्याच खेपेला. जिंकणाऱ्याभोवती गर्दी व्हायला लागली. आता लोक एकमेकांना सांगत होते, "तो लांबचा वाफा आधी घे, जवळचा मागनं भरतोय." म्हणजे त्यांची भांडणं आता बटणांशी नव्हती, कोड्याशी होती. गेम करताना मला हेच ऐकायचं होतं, आणि ते ऐकताना मला फार बरं वाटलं.

दुपारी आबा आले. बरोबर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ होते.

"हेच ते डबडं," आबांनी त्यांना लांबून दाखवलं.

मी पुढे होऊन म्हटलं, "आबा, एकदा परत बघा की."

"काल बघितलं की."

"आज फक्त हिरवं दाबा. लाल राहू द्या."

मित्रासमोर माघार घेता येईना. आबा फळीशी बसले. अंगठा रोवून, सावकाश, स्टार्टर दाबावा तसं बटण दाबत त्यांनी एकेक वाफा भरला. लांबचे आधी, मोठा मधे, लहान शेवटी. घड्याळ संपायला बराच अवकाश असताना शेत भरलं. मशीनने जिंकल्याचा सूर वाजवला. आबांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"शिकवलंसा व्हय मशीनला?"

"शिकवलं, आबा."

वाघमोडे टोपी घेऊन तयारच होते. त्यांनी ती आबांच्या हातात दिली आणि लगेच ठिबकच्या नळ्या पुढे केल्या. "आबा, आता बघा, हे बसवलं की दारं धरायचा तरासच न्हाय."

"तरास कसला?" आबा म्हणाले. "येतंय की मला अजून. तूच बघितलंस न्हवं आत्ता?" टोपी मित्राच्या डोक्यावर ठेवून ते खुशीत निघून गेले.

दिवसभर तेच चाललं. माणसं यायची, जिंकायची, टोपी घ्यायची आणि ठिबकच्या नळ्यांवरून पाय उचलून पुढे जायची. संध्याकाळी टोप्या संपल्या होत्या आणि नळ्या होत्या तिथंच होत्या.

"मॅडम," वाघमोडे म्हणाले, "काल लोकं रागावून गेली, आज खूश होऊन गेली. ठिबक दोन्ही दिवशी कुणी घेतलं न्हाय."

मी मान खाली घातली. मनातल्या मनात टायपिंगच्या बॅचच्या वेळा लावत होते. मुलाणी सर पुन्हा तार गुंडाळायला लागले होते.

"तरी एक सांगू का," वाघमोडे पुढे म्हणाले. "आमच्या दुकानातल्या बिलाच्या मशीनची तीच कटकट हाय. आधी गिऱ्हाइकाचं नाव, मग माल. आमचं गिऱ्हाईक दारातनं मालाचं नाव ओरडतच आत येतंय. नाव पैसे देताना कळतंय. तुमी असं करा, दुकानात येऊन बसा. आमी कसं विकतो ते बघा. मग प्रोग्रॅम लिहा."

मुलाणी सरांनी तार खाली ठेवली. "कधी पाठवू मॅडमना?" त्यांनी विचारलं.

त्या बिलाच्या प्रोग्रॅमवर मला खोली मिळाली. टाइपरायटरची खडखड भिंतीपलीकडून ऐकू यायची, ती मला कायम गोड लागली.

नंतरची वर्षं मी लोकांसाठी प्रोग्रॅमच करत आले. त्या फळीपासून एक सवय लागली ती लागलीच. सूचनांचा कागद लांबायला लागला की मी कागद लिहायचं थांबवते आणि बटणं तपासायला घेते.