माठातली कुपी

कुडपणला मे महिन्यातही संध्याकाळी दरीतून ढग वर येतात आणि न विचारता घरात शिरतात. त्या दिवशी मी माहेरी दुपारभर झोपले होते. साखर चढली की डोळ्यांवर अशी झापड येते, स्वप्न कुठलं नि आईच्या बांगड्यांचा आवाज कुठला, कळत नाही.

एचआयव्हीच्या गोळ्यांनी मला नऊ वर्षं जगवलं, पण त्यांनीच साखरही वाढवली, असं डॉक्टर म्हणाले. शरीर करतं तेच हार्मोन, इन्सुलिन, आता जेवणाआधी पोटात टोचून घ्यायचं. महाडला खोलीवर फ्रीज आहे. इथे चार दिवस लाईट नव्हती. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, वेगळ्या माठात थोडं पाणी घाला, त्यात डबीत बंद करून इन्सुलिनची कुपी ठेवा. आल्या आल्या मी ती आईच्या हातात दिली आणि आडवी झाले.

वेगळं म्हटलं की आमच्या घरात मला हसूच येतं. नऊ वर्षं माझा पेला वेगळा. "माठाला हात लावू नको गो, मी देते," म्हणत आई वरून धार सोडायची. पाण्याने काही होत नाही, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं, मी भांडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! मला दुसरं काही नको होतं. त्या माठातलं पाणी एकदा माझ्या हाताने घ्यायचं होतं.

उठले तेव्हा चूल पेटली होती. मी विचारलं, "आई, माझी कुपी?"

"माठात हाय."

बघते तर पिण्याच्या माठाच्या तळाशी डबी, तिची दोरी वर तरंगत होती! मी उखडलेच. "अगं, वेगळा माठ म्हटलं होतं ना? यातलं सगळे पितात!"

"नवा माठ अजून मुरला नाय, पाणी गार होत नाय. त्यात औषध नासलं असतं, मग?" तिने भाकरी थापतच मान वळवली. "दोरी सुटली वाटतं. घाल हात नि काढ. माझे हात पिठाचे हायत."

मी हात माठाच्या तोंडाशी नेला नि मागे घेतला.

"काढ गो बाय, जेवायची वेळ झाली."

मी कोपरापर्यंत हात घातला. पाणी काय गार होतं! डबी तळाशी होती, पण मी तो हात लगेच बाहेर काढला नाही.

भाकरी तव्यावर टाकून आईने हात धुतले, त्याच माठात पेला बुडवला आणि घटाघटा प्यायली.