हँडल सोडून केलेला नमस्कार

रस्त्यावर आडवा झालो तेव्हा मनात पहिला विचार देवाचा आला नाही; ओळखीचं कोणी बघत तर नाही ना, हा आला. दुसरा मात्र देवाचाच होता, पण तक्रारीचा. तुझ्याच दारात, तुलाच नमस्कार करताना मला पाडलंस? झाशीहून बबीन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडाखाली मारुतीचं छोटं मंदिर आहे. कामावर जाताना तिथं मोटारसायकल जरा हळू करायची, हँडल सोडून दोन्ही हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि मग पुन्हा हँडल धरायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. बायकोने शंभरदा सांगितलं होतं, "अहो, एक तर थांबा, नाहीतर हात सोडू नका." माझं उत्तर ठरलेलं, "तेवढा वेळ तो सांभाळतो."

त्या मंगळवारी माझ्यापुढे एक दूधवाला चालला होता. मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंना दुधाचे भरलेले कॅन. मध्येच गाय आली म्हणून त्याने ब्रेक लावला. मी तेव्हा भक्तीत होतो. डोळे उघडले तेव्हा डोक्यावर हेल्मेट शाबूत, पण उजवं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं आणि सगळीकडे दूधच दूध.

लोक जमले. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, रेल्वेतला बाबू हे माझं रूप पाहून त्यांनी निकालही लावून टाकला. "बिना देखे ब्रेक मारता है!" म्हणत दोघांनी दूधवाल्याची कॉलर धरली. हवालदार आला, तो त्याची गाडी ठाण्यात लावायची भाषा करू लागला. दूधवाल्याचं नाव हरिराम. तो कळवळून म्हणाला, "साब, गाड़ी चली गई तो कल से दूध काए पै लै जैहें?" मी खोटं बोललो नाही. फक्त योग्य वेळी कण्हलो. त्या कण्हण्याचा लोकांनी जो अर्थ लावला, तो माझ्या सोयीचा होता, म्हणून मी तो दुरुस्त केला नाही.

तेवढ्यात हरिरामने कॉलर सोडवून घेतली. आता हा पळणार असं मला वाटलं, पण तो माझ्याजवळ येऊन बसला. डोक्याचा गमछा सोडून त्याने माझा हात छातीशी बांधला, तोही इतक्या हळुवारपणे, जसं तान्ह्या बाळाला गुंडाळावं. "पैले इनें अस्पताल लै चलो," तो हवालदाराला म्हणाला, "गाड़ी बाद में देख लियो." त्याच्या बोटांना दुधाचा वास होता. तो सांभाळतो, असं मी बायकोला सांगत आलो होतो. आता खरंच कोणीतरी सांभाळत होतं, आणि त्यालाच मी गप्प राहून ठाण्यात धाडत होतो.

हवालदाराने विचारलं, "बाबूजी, बोलिए. गलती किसकी?"

"मेरी. मेरे हाथ हैंडल पर नहीं थे."

"तो कहाँ थे?"

मी डाव्या हाताने मंदिर दाखवलं. "नमस्ते कर रहा था."

मंदिराच्या दारात फुलं विकणारी म्हातारी म्हणाली, "काए बाबूजी, आँखें सोई मूँद लईं हतीं?"

मी मान डोलावली. डोळेही मिटलेलेच होते. त्यावर जो हशा पिकला, त्यात कॉलर धरणारेही सामील झाले. हवालदाराने माझा जबाब लिहून घेतला आणि हरिरामची गाडी तिथंच सोडली. हरिराम मात्र गाडी म्हातारीच्या भरवशावर ठेवून माझ्याबरोबर रिक्षात बसला. इस्पितळात बायकोने सगळं ऐकलं, त्याला चहा पाजला आणि मला म्हणाली, "हेल्मेट मी घालायला लावलं होतं. तेवढं तरी देवाच्या नावावर टाकू नका."

देवाच्या नावावर काय टाकावं, हे आता माझं मलाच उमगलंय. हँडल आपणच धरायचं. चूक आपली असेल तर ती कबूल करायची, आणि पुढे काय होईल याची भीती तेवढी त्याच्यावर सोडायची. त्या दिवशी मला ते जमलं, पण जमवून आणणारा मी नव्हतो, एवढं नक्की.

पुढच्या मंगळवारी बायकोबरोबर रिक्षाने गेलो आणि मंदिरापाशी उतरलो. हात प्लास्टरमध्ये, जोडता येईनात. मग नुसताच उभा राहिलो, डोळे उघडे ठेवून. शेंदराखालचा तो चेहरा चक्क हसरा आहे. इतकी वर्षं रोज समोरून जाऊनही मला ते ठाऊकच नव्हतं.